रंगनाथअण्णांचा उपास

परवा बीडच्या डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं. भात बंद, साखर बंद, भाकरी एक वेळ आणि तीही अर्धी. मी लगेच हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या घरी वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगतीला बसायची वेळ आली तेव्हा मी सांगून टाकलं, "माझं डाएट चालू आहे." कुणाला काही वाटलं नाही. उलट दोघातिघांनी आपापलं डाएट सांगायला सुरुवात केली आणि मेव्हण्याच्या बायकोनं माझ्यासाठी काकडी चिरून आणली.

तिथून परत येताना मला रंगनाथअण्णा आठवले. तेव्हापासून ते डोक्यातून गेलेले नाहीत. मी जे वाक्य इतक्या सहज बोलून मोकळा झालो, ते अण्णांना बोलता आलं असतं तर त्यांचं पुढचं आयुष्य वेगळं गेलं असतं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गावात ते वाक्य नव्हतंच. भाकरी नको म्हणायला माणूस एक तर आजारी पाहिजे, नाहीतर रागावलेला, नाहीतर उपाशी राहण्याचा नेम धरलेला.

अण्णा आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन. आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या बाजूला. मी सोसायटीत कारकून होतो. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट काढायची आणि मधल्या वेळात अण्णांना मोटारसायकलवर मागं बसवून वाड्या-वस्त्यांवर न्यायचं, हे माझं काम. अण्णा बसले की गाडीचं पुढचं चाक हलकं व्हायचं. चढ आला की मी टाकीवर छाती टेकून बसायचो आणि मागून अण्णा त्यांच्या बारीक आवाजात म्हणायचे, "उतरू का रं?" एवढ्या देहातून तो आवाज आला की नवखा माणूस बोलणारं दुसरंच कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं बघायचा. सोसायटीत त्यांच्यासाठी बाभळीच्या लाकडाची, बिनहाताची खुर्ची सुताराकडून करून घेतली होती. हाताच्या खुर्चीत ते एकदा बसले होते. उठले तेव्हा खुर्चीही उठली.

ते स्वतःच हा किस्सा सांगून हसायचे. अंगाची त्यांना लाज नव्हती, निदान तेव्हा नव्हती.

भांडणं घेऊन लोक त्यांच्याकडं यायचे. कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली, कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरली. अण्णा ऐकून घ्यायच्या आधी म्हणायचे, "आधी भाकर, मग बोलू." सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, भांडणाऱ्या दोघांनाही एकाच परातीतून वाढायची. जेवण होईपर्यंत अर्धं भांडण विरघळलेलं असायचं. उरलेलं अण्णा सुपारी कातरता कातरता मिटवायचे. तसंच वस्त्यांवर गेल्यावर त्यांना कुणी वाढलं तर ते बसत. एका फेरीत तीन घरी जेवताना मी त्यांना पाहिलं आहे, आणि तिसऱ्या घरातल्या बाईला कळलं नाही की हा माणूस आधी जेवून आलाय.

भाकरी खायची त्यांची एक रीत होती. पापुद्रा बोटानं उचलून आतली वाफ जाऊ द्यायची. मग काठाकडून सुरुवात, करपलेला भाग आधी, मऊ भाग नंतर. वरण आहे की पिठलं, हे ते फार उशिरा बघायचे. आणि शेवटचा तुकडा हातात धरून थोडं थांबायचे, मगच तोंडात टाकायचे. हे थांबणं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात ते लहान होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, अण्णा आणि त्यांची भावंडं मागं मागं. मिळालेल्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या जोंधळ्याची, भाकरी आई सगळ्यांना वाटायची आणि स्वतःचा शेवटचा तुकडा हातात धरून बसायची. कुणाला हवाय का, म्हणून तोंडाकडं बघायची. कुणी मागितला नाही तरच खायची. "आमी रोजच मागायचो," अण्णा म्हणाले. एवढंच बोलले आणि विषय बदलला.

त्यांच्या पायांनी पहिल्यांदा तक्रार केली. मग रक्तात साखर निघाली. गेवराईच्या डॉक्टरांकडं मीच त्यांना घेऊन गेलो होतो. वजन उतरवा, भात आणि भाकरी बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी बाजारात बैलाचा सौदा करावा तशी बोलणी सुरू केली. तेल सोडतो. साखर सोडतो. मटण तर आजपासूनच सोडलं. भाकरीचं तेवढं बोलू नका.

"मग वजन उतरायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्या कशानं उतरत असंल तर बघा ना सायेब."

डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. शेंगदाण्याची चटणी सोडली, जी त्यांना जीव की प्राण होती. सुमनकाकूला पातळ भाकऱ्या करायला सांगितल्या. काकूनं केल्या, पण पीठ तेवढंच घेऊन, त्यामुळे भाकरी ताटाच्या बाहेर लोंबायला लागली. मग त्यांनी स्वतःचं एक शास्त्र काढलं. गहू अंगावर बसतो, तांदूळ पोटावर बसतो, ज्वारी कुठंच बसत नाही. ज्वारीनं बैलाचं वजन वाढलेलं कुणी पाहिलंय का, असं ते विचारायचे. बैल नांगर ओढतो, हे मी म्हणालो तेव्हा ते विचारात पडले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चालायला निघाले.

पण आमच्याकडं बिनकामाचा माणूस रस्त्यानं चालत नाही. चेअरमन पायी निघालेत म्हटल्यावर येणारी-जाणारी प्रत्येक मोटारसायकल थांबायची. कुठं निघालात, बसा मागं. चालायलाच निघालोय म्हटलं तर समोरच्याला वाटायचं, आपल्या गाडीवर बसायला अण्णांना कमीपणा वाटतोय. शेवटी ते बसायचे. गावापासून दूर कुठंतरी उतरायचे आणि परत येताना दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर बसून यायचे. आठवड्याभरात चालणं बंद पडलं. गावात एवढ्या माणसांना त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, की पोटाला नाही म्हणायची पाळीच आली नाही.

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरी आटल्या, गावात टँकर यायला लागले, आणि सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांच्या गाई, बैल, म्हशी तिथं दावणीला आल्या. जनावरांबरोबर माणसंही आली, कापडाचं छप्पर टाकून तिथंच राहायला लागली. उसाचं वाढं ट्रकनं यायचं, कडबा यायचा, आणि काट्यावर मोजून पेंढ्या वाटल्या जायच्या. अण्णा पहाटेपासून काट्याशेजारी बाभळीच्या खुर्चीवर. स्वतःच्या गाई त्यांनी रांगेत सगळ्यात शेवटी बांधल्या होत्या, म्हणजे चारा संपला तर आधी त्यांच्याच गाईंचा संपेल. हे मी रोज बघत होतो. पण छावणी म्हटलं की चारा खाल्ल्याच्या गोष्टी त्या वर्षी जिकडंतिकडं चालू होत्या, आणि लोकांनी तरी कुणावर विश्वास ठेवायचा?

एक दिवस वाटपाच्या वेळी दिगंबर बोलला. हा अण्णांच्या विरोधातल्या गटाचा, तोंडानं फटकळ. पेंढी उचलता उचलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जनावरांच्या बरगड्या बघा अन् चेअरमनचं पोट बघा. चारा कुटं जातोय ते आपुआप दिसतंय."

लोक हसले. अण्णाही हसले. पण हसता हसता त्यांनी सदरा खाली ओढला, हे मी पाहिलं. आम्ही गाडीवर परत निघालो. मी म्हणालो, दिगंबरचं काय मनावर घेता.

"बरोबर बोलला रं तो," अण्णा मागून म्हणाले. "मी हजारदा सांगीन खाल्लं न्हाई म्हणून. पोट म्हणतंय खाल्लं. लोक कुणाचं ऐकतील?"

डॉक्टरांनी सांगून जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं. अण्णांनी ठरवलं, सकाळी घरी एक भाकरी, आणि मग दिवसभर कुठं काही शिवायचं नाही. दुष्काळ सरेपर्यंत अंग उतरवायचं. त्यांची अब्रू आता वजनात अडकली होती. दोन-तीन दिवस त्यांनी ते पाळलंही. छावणीतच बसून होते, त्यामुळे कुणाच्या घरी जायचा प्रसंग आला नाही.

मग आम्ही ठकामायच्या वस्तीवर गेलो.

ठकामाय म्हणजे माळापलीकडच्या धनगरवस्तीवरची म्हातारी. मुलगा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेलेला, सूनही त्याच्याबरोबर. वस्तीवर ही एकटी आणि दोन गाई. मेंढरांना छावणीत जागा नव्हती, पण गाईंना होती, आणि म्हातारी काही केल्या गाई आणत नव्हती. त्या मरायला टेकल्या होत्या. तिची समजूत घालायला अण्णा निघाले. वर्षानुवर्षं तिच्या दारावरून गेलं की अण्णा तिची भाकरी खायचे. त्या दिवशीही आम्ही टेकलो आणि तिनं दुरडीतून बाजरीची भाकरी काढली, वर लाल मिरचीचा ठेचा ठेवला आणि अण्णांपुढं धरली. दुष्काळातली भाकरी. दुरडीत दुसरी होती की नव्हती, मला दिसलं नाही.

अण्णांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

आमच्या भागात धनगराच्या दारात बसून एखाद्या मराठा माणसानं भाकरी नको म्हटलं, की पहिला अर्थ एकच निघतो. अण्णांना तो माहीत होता. डॉक्टरनं सांगितलंय असं म्हटलं असतं तर तिला ती सबब वाटली असती. पोट भरलंय म्हणावं तर या माणसाचं पोट भरलेलं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. म्हणून तिचा अपमान होऊ नये यासाठी त्यांनी त्यातल्या त्यात मानाचं कारण दिलं.

"ठकामाय, उपास हाय मला."

"आज बुधवार. कशाचा रं उपास?"

सगळ्या देवांचे वार म्हातारीला तोंडपाठ. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, समोरच्या करपलेल्या माळाकडं बघितलं.

"पावसाचा," ते म्हणाले. "पाऊस येस्तोवर भाकर शिवायची न्हाई, असं बोललोय."

ठकामायनं भाकरी दुरडीत ठेवली. थोडा वेळ आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मग वळली आणि खाली वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णांनी पाय मागं ओढून घेतले.

गाडीवर बसल्यावर ते कसनुसं हसले. "काय तोंडातून निघून गेलं बग. दोन दिसांत इसरंल म्हातारी." मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकामाय दोन्ही गाई घेऊन छावणीत आली. असला नेम धरणाऱ्या माणसाच्या छावणीत गाई बांधायला काय भ्यायचं, असं ती भेटेल त्याला सांगत होती. दुपारपर्यंत सगळ्या छावणीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत गावाला. मला चौघा-पाचजणांनी विचारलं, खरं का रे? तू तर तिथंच होतास. मी हो म्हणून मान हलवली. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता, पण अण्णांना खोटं पाडायचं माझ्या जिभेवर आलं नाही.

त्यानंतर छावणीतलं वारंच फिरलं. काट्यावरची कुरकुर थांबली. आया लेकरांना अण्णांच्या पायावर घालायला लागल्या. दिगंबर केळ्यांची फणी घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं." ज्या अब्रूसाठी अण्णांनी वजन उतरवायला घेतलं होतं, ती वजन न उतरताच त्यांच्या हातात आली.

आणि वजन तर वाढतच चाललं. कारण चेअरमन उपाशी आहेत म्हटल्यावर घराघरांतून उपासाचं यायला लागलं. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. ते परतवणं भाकरी परतवण्याहून कठीण. अण्णा खायचे आणि निम्मं मला द्यायचे, मीही खायचो. महिन्याभरानं एकदा माणसं पांगल्यावर ते चाऱ्याच्या काट्यावर उभे राहिले, आकडा बघितला आणि खाली उतरून मला म्हणाले, "भाकरीवर उगाच आळ घेत होता डॉक्टर."

घरी मात्र सकाळची ती एक भाकरी चालू होती. दार लावून. आमच्याकडं भाकरी थापल्याचा आवाज गल्लीभर जातो, आणि दोघांच्याच घरात काकू किती भाकऱ्या थापते हे शेजारणींना मोजता येतं. म्हणून काकूनं परातीखाली गोधडीची घडी घालायला सुरुवात केली. अंगणातून येताना मला तो दबका, फडक्यात गुंडाळल्यासारखा आवाज ऐकू यायचा. लोकांचा मान अण्णांना आवडायला लागला होता, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ते तसं होतं. खुर्चीवर ते जरा ताठ बसायला लागले होते.

एक दिवस ठकामाय वाढ्याची पेंढी उचलताना पडली. लोकांनी तिला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं. अण्णा खुर्चीवरून उठून गेले. बायका सांगायला लागल्या, म्हातारी काही खात नाही, गुळाच्या काळ्या चहावर आहे. तिच्यासाठी भगर-साबुदाणा कोण आणणार होतं? गाई तर कधीच्या आटलेल्या.

अण्णा तिच्याशेजारी मातीत बसले. "माय, खात का न्हाईस?"

"तुज्यासंगं धरलाय," ती म्हणाली.

"काय?"

"उपास. तू बोलला त्या दिसापून. एकल्याच्या उपासानं कुटं पाऊस येतो, रंगनाथा? तू एवढ्या अंगाचा मानूस सोसतूस. मला म्हातारीला काय हुतंय?"

अण्णा उठले. खुर्चीपर्यंत गेले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी गाडी आणली तेव्हा म्हणाले, आज मी चालत जातो. आणि गेले. रस्त्यात गाड्या थांबल्या असतील, पण त्या दिवशी ते कुणाच्या गाडीवर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरावरून जाताना भाकरी थापल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला. मोकळा, खणखणीत. दार सताड उघडं होतं. काकू चुलीपुढं बसली होती आणि डोळे पुसत होती.

दुपारी वाटपाच्या वेळी, सगळे जमलेले असताना, अण्णा फडकं घेऊन ठकामायच्या छपरापुढं जाऊन बसले. फडकं सोडलं. दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. माणसं गोळा झाली. अण्णांचा बारीक आवाज आणखीच बारीक झाला होता.

"माय, हे बग, मी भाकर खातोय. मी सोडलीच नव्हती. रोज घरात दार लावून खात व्हतो. डॉक्टरनं अंग उतराय सांगितलं, म्हणून त्या दिवशी तुजी नको म्हणलो. पावसाचं खोटं बोललो. आता तू बी खा."

त्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि दुसरी भाकरी तिच्यापुढं धरली. मला वाटलं दिगंबर बोलेल, पण तो खाली बघत होता.

ठकामायनं भाकरी घेतली नाही.

"माजी भाकर नको म्हनाया देवाचं नाव घेतलंस," ती म्हणाली. "नुस्ती नको म्हनला असतास तर? राग आला असता मला. पर गेला बी असता."

"चुकलं माय. खा आता."

"तुजा सुटला. माजा न्हाई सुटत. मी तुला थोडीच बोलले? मी वर बोलले." आणि ती छपराच्या बांबूला धरून उठली आणि गाईंकडं गेली.

अण्णांनी सगळे उपाय केले. गेवराईहून डॉक्टर आणले. गोदावरीच्या काठावरून तिच्या मुलाला बोलावून घेतलं, त्यानं हात जोडले. काकू जाऊन पाया पडली. म्हातारी कुणाला बधली नाही. माझ्या हातून ती कपभर दूध घ्यायची, तेही अण्णांनी पाठवलंय हे कळेपर्यंत. पाऊस त्या वर्षी उशिरा आला. आला त्या दिवशी तिनं स्वतः भाकरी थापून खाल्ली. जगली ती, पण कंबर वाकली ती वाकलीच, आणि डोळ्यांवर हळूहळू पडदा आला. तो उपासानं आला की वयानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. अण्णांच्या मनानं मात्र निकाल दिलेला होता.

गावानंही दिला. उपास खोटा म्हणजे चाराही खाल्लाच असणार, असा सरळ हिशोब लोकांनी केला. पुढच्या निवडणुकीला अण्णा उभेच राहिले नाहीत. बाभळीची खुर्ची नव्या चेअरमनला फार रुंद व्हायची, म्हणून ती गोदामात गेली.

नंतरच्या वर्षांत अण्णा वाळत गेले. साखरेच्या आजारानं म्हणा. पण मी त्यांच्या घरी जात होतो, म्हणून मला दुसरंही कारण दिसत होतं. त्यांनी भाकरी सोडली नाही, शेवटपर्यंत नाही. त्यांनी दुसऱ्याच्या घरी जेवणं सोडलं. लग्नाला जायचे, अक्षता टाकून परत यायचे. वस्तीवर कुणी वाढायला लागलं तर हात जोडायचे आणि कारण सांगायचे नाहीत. 'आधी भाकर, मग बोलू' हे त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. भांडणारे येत नव्हते, तर म्हणणार कुणाला? डॉक्टर मात्र वजनावर खूश होते.

ठकामायच्या वस्तीवर ते जायचे. मीच न्यायचो, सोसायटीतली नोकरी सुटून मी गेवराईत दुकान टाकलं होतं तरी महिन्यातून एखादवेळ. ती पाणी द्यायची, चहा द्यायची. घरची चौकशी करायची. भाकर खातोस का, हे मात्र कधी विचारलं नाही. आमच्याकडं हे वाटसरूलाही विचारतात. अण्णा चहा संपवून थोडं रेंगाळायचे आणि उठायचे. मग अण्णांना गाडीवर फार वेळ बसवेना झालं आणि दोन-तीन वर्षं तिकडं जाणं झालं नाही.

मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं, ते जायच्या आधीच्या हिवाळ्यात. दवाखान्यातून परत येत होतो. गाडीवर मागं कुणी बसलंय हे मला कळत नव्हतं, इतके ते हलके झाले होते. मधेच हात पाठीवर ठेवून म्हणाले, ठकामायकडून जाऊ. वस्तीवर पोचलो तर ती उन्हाला बसली होती. मुलगा आणि सून रानात असावेत. चुलीवर नुकताच स्वयंपाक झालेला होता, धुराचा वास होता. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं बघितलं. तिला आता माणसं आकारावरून कळायची, आणि अण्णांचा आकार राहिला नव्हता. सदरा खांद्यांवरून नुसता लोंबत होता.

"कुनी हाय?" ती म्हणाली. "बसा पाव्हनं. उनाचं आलात. भाकर खाता का?"

अण्णा तिथंच खाली बसले. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हातारी भिंतीला धरून आत गेली आणि भाकरी घेऊन आली, वर ठेचा. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले आणि घेतली. मला वाटलं, आता गप्प राहतील. खातील आणि उठतील. कुणाला कळणार होतं?

"ठकामाय," ते म्हणाले, "मी रंगनाथ हाय. सोसायटीचा."

तिचा हात हवेत तसाच राहिला. मग तो पुढं आला, अण्णांच्या खांद्यावरून, दंडावरून फिरला, हाड लागलं तिथं थांबला. तिनं हात मागं घेतला.

"दिली ती दिली," ती म्हणाली. "खा." आणि आत निघून गेली.

अण्णांनी पापुद्रा उचलला, वाफ जाऊ दिली. काठाकडून सुरुवात केली. आधी करपलेला भाग. दात राहिले नव्हते, प्रत्येक घास ते बराच वेळ तोंडात घोळवत होते. डॉक्टरांनी अर्ध्या भाकरीवर आणलेला माणूस ती सबंध भाकरी खात होता आणि मी त्यांना थांबवलं नाही. आत भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. एक शेळी जवळ येऊन त्यांच्या हाताचा वास घ्यायला लागली. अण्णांनी तिला कोपरानं बाजूला सारलं.

शेवटचा तुकडा उरला. तो हातात धरून ते दाराकडं बघत बसले. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. मी गाडीजवळ जाऊन उभा राहिलो, किल्ली फिरवली नाही. ते बसले होते, आणि तुकडा अजून त्यांच्या हातात होता.